‘तरास झाला’ हे इंग्रजीत कसं लिहायचं? अ‍ॅनॉय, बॉदर, ट्रबल की इन्कन्व्हीनियन्स?

पऱ्हाटी, राळेगाव तालुका

नमस्कार. प्रश्न शब्दांचा आहे, पण तो का पडला ते सांगितल्याशिवाय नीट कळणार नाही. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मी यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यातल्या एका गावात राहते. आमच्या सेंद्रिय कापूस उत्पादकांच्या गटाचे कागदपत्र माझ्याकडे आहेत. शेतकऱ्यांच्या डायऱ्या भरून घ्यायच्या, कोणाच्या वावरात काय पेरलं, शेणखत कधी टाकलं, शेजारच्या वावरातली फवारणी वाऱ्यानं इकडे येऊ नये म्हणून धुऱ्याला काय लावलं, हे सगळं लिहून ठेवायचं. प्रमाणपत्रासाठी गटाला अंतर्गत नियंत्रण प्रणाली लागते, तिचं बरंचसं काम हेच. शिक्षण बी.ए., मराठी माध्यमातून. गटात इंग्रजी लिहू शकणारी मी एकटीच, त्यामुळे परदेशातल्या खरेदीदाराशी मेलवर बोलणंही माझ्याकडेच आलं.

यंदा त्यांचा माणूस वेचणी पाहायला यायचा होता. मंगळवार ठरला. दुसऱ्या वेच्याचे दिवस, बाया मिळणं कठीण. त्याला वेचणी चालू असतानाच पाहायची होती, म्हणून आम्ही दोन वावरं फुटलेल्या बोंडांसकट राखून ठेवली आणि चौदा बायांना सांगितलं की त्या दिवशी दुसरीकडे जाऊ नका. त्या थांबल्या. सकाळी अकराला मेल आला की आज जमत नाही, गुरुवारी येतो. गुरुवारी पुन्हा तसंच. शेवटी शुक्रवारी आला. आता अकरा वाजता कोणत्या वावरात जाणार? बाकीच्यांच्या टोळ्या सातलाच निघून गेलेल्या असतात.

शुक्रवारी रात्री मी मेल लिहायला बसले. मनात मराठी वाक्य होतं: तुमच्या तारखा बदलल्यामुळे आमच्या बायांना फार त्रास झाला. फोनवर ‘त्रास देणे’ टाकलं, सगळ्यात वरती ‘अ‍ॅनॉय’ आलं. मी लिहिलं, ‘युवर चेंज ऑफ डेट्स अ‍ॅनॉइड अवर विमेन पिकर्स व्हेरी मच.’ पाठवून दिलं.

उत्तर वाचून माझे हातपाय गार पडले. ज्या बाई मला लिहितात त्या एरवी मोकळ्या मनानं लिहितात, पावसाचं विचारतात, माझ्या मुलीचं विचारतात. या वेळी दोनच ओळी होत्या. तुमच्या महिला आमच्यावर रागावल्या आहेत हे वाचून वाईट वाटलं, आणि पुढच्या भेटीत आमचा माणूस याचं भान ठेवील.

बाया रागावल्या नव्हत्या हो. त्याच शुक्रवारी त्यांनी त्या पाहुण्याला कमरेला ओटी कशी बांधायची ते दाखवलं, बोंडातून कापूस एका ओढीत कसा काढायचा ते दाखवलं, धुऱ्यावर बसवून चहा पाजला. जो राग त्यांच्या मनात नव्हता तो मी त्यांच्या नावावर लिहून टाकला. मला हे फार लागलं आहे, कारण त्या स्वतः काही त्यांना मेल लिहिणार नाहीत. मी लिहीन तेच तिकडे त्यांचं म्हणणं ठरतं.

नंतर शब्दकोश काढून बसले. अ‍ॅनॉय, इरिटेट, बॉदर, ट्रबल, डिस्टर्ब, इन्कन्व्हीनियन्स, पेस्टर, हॅरॅस, व्हेक्स, मोलेस्ट. कुठे ‘त्रास देणे’, कुठे ‘सतावणे’, कुठे पुन्हा ‘त्रास देणे’. दुरुस्तीचा मेल दोन-तीन दिवसांत पाठवायचा आहे. यातला कोणता शब्द कुठे बसतो ते कोणी जरा उलगडून सांगाल का?

निवृत्त मास्तर, आर्वी

ताई, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. आम्ही शिकलो तेव्हा इंग्रजी पाचवीपासून होतं, २००० साली ते पहिलीपासून आलं, पण शब्दार्थ पाठ करून घ्यायची रीत काही बदलली नाही. मी स्वतः कितीतरी वर्षं फळ्यावर ‘अ‍ॅनॉय म्हणजे त्रास देणे’ असंच लिहीत आलो. ते चूक नव्हतं, अपुरं होतं.

तुमच्या कामापुरतं एक लक्षात ठेवा. त्रास झाला म्हटलं की इंग्रजी भाषा विचारते, कुठे झाला? डोक्याला झाला की दिवसाला?

रात्री खाटेवर पडलात आणि एक मच्छर कानाशी गुणगुणतो आहे. तो तुमचं काहीच नेत नाही. काम अडत नाही, पैसा जात नाही, पण तुम्ही चिडता. हे अ‍ॅनॉय. आता दुसरं पाहा. या आठवड्यात शेतीपंपाची लाइन रात्रीची आहे. ओलिताला रात्री एक वाजता उठून जावं लागतं, दुसऱ्या दिवशी अंग मोडून येतं, सकाळचं काम दुपारी जातं. तुमची ठरलेली घडी विस्कटली. हे इन्कन्व्हीनियन्स. यात तुम्ही चिडला असाल किंवा नसाल, शब्दाला त्याच्याशी देणंघेणं नाही. एसटीच्या कंडक्टरनं अगदी हात जोडून सांगितलं की गाडी बंद पडली, पुढे जाणार नाही. त्याच्यावर राग येत नाही, पण काळीपिवळी शोधत भर उन्हात उभं राहावं लागतं. तुम्ही इन्कन्व्हीनियन्स्ड झालात, अ‍ॅनॉइड झाला नाहीत.

म्हणून तुमच्या मेलमध्ये घोळ झाला. ‘अ‍ॅनॉइड’ म्हणताच त्या बाईंनी बायांच्या मनाकडे पाहिलं, आणि तुम्हाला दाखवायचा होता त्यांचा दिवस.

मराठीत हा फरक नाही असं मात्र समजू नका. आपण ‘त्रास’ म्हणून सगळं एका पोत्यात भरतो, पण शेजारीच ‘गैरसोय’ आहे, ‘खोळंबा’ आहे, ‘खेटे’ आहेत. तहसीलला सात-बारासाठी तीन खेटे झाले, असं आपण म्हणतोच ना? तिथे डोकं किती तापलं ते कोणी सांगत नाही, फेऱ्या मोजतो. दुसऱ्या बाजूला ‘वैताग’, ‘कटकट’, आणि आपल्याकडचं ‘कावून गेलो’. शुक्रवारी रात्री तुमच्या मनात ‘त्रास’च्या जागी ‘खोळंबा’ आला असता तर फोननंही दुसराच शब्द दिला असता.

बॉदर आणि ट्रबल हे मधले. कोणाला काही मागायचं, विचारायचं, त्याच्या कामातून दोन मिनिटं घ्यायची, तेव्हा सुरुवातीला ‘सॉरी टु बॉदर यू’ म्हणतात. आपल्या जुन्या पत्रांतलं ‘तसदीबद्दल क्षमस्व’ हेच. ‘ट्रबल’ थोडा जुन्या वळणाचा, जास्त अदबीचा. हे दोन्ही शब्द वाक्याच्या ठेवणीप्रमाणे फार बदलतात, तिथे जपून राहा. ‘डोन्ट बॉदर’ म्हणजे राहू द्या, तसदी घेऊ नका. ‘ही डिडन्ट बॉदर टु कॉल’ म्हणजे त्यानं साधा फोन करण्याचीही तसदी घेतली नाही, आणि ही तक्रार आहे. ‘इट बॉदर्स मी’ म्हणजे ती गोष्ट मला खुपते. ‘इट ट्रबल्स मी’ त्याहून खोल, त्यात काळजी आहे, रात्री झोप लागू न देणारी.

डिस्टर्ब आपण मराठीत रोज वापरतो. फोन लावला की पहिलं वाक्य, ‘डिस्टर्ब तर नाही केलं?’ तिथपर्यंत ते बरोबर आहे. डिस्टर्ब म्हणजे शांत, जागच्या जागी असलेलं काहीतरी हलवणं. झोपलेलं मूल, रचून ठेवलेले कागद, मशागतीत उलथलेली जमीनसुद्धा. पण माणसाबद्दल ‘युवर मेल डिस्टर्ब्ड मी’ असं लिहिलंत तर अर्थ फोनमुळे काम थांबलं इतका हलका राहत नाही. मेल वाचून मन हादरलं, असा होतो.

हॅरॅस एका खेपेला होत नाही. पुन्हा पुन्हा, जाणूनबुजून, समोरच्याला थकवून टाकेपर्यंत. आपला ‘छळ’. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्याचा २०१३ चा कायदा आहे, त्याच्या इंग्रजी नावात हाच शब्द आहे. दोनदा तारीख बदलली म्हणून हा शब्द वापरायचा नाही. आणि मोलेस्ट तर कधीच नाही, ताई. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता ‘त्रास देणे’ असा होता, म्हणून जुन्या वळणाचे कोश अजून तसा देतात. आज तो शब्द वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अंगाला हात लावणं येतं. स्पॅनिशमध्ये याच कुळातलं क्रियापद आजही साध्या ‘त्रास देणे’ला चालतं, इंग्रजीत चालत नाही. व्हेक्स आता बोलण्यात फारसा राहिलेला नाही, सोडून द्या.

आणखी एक, कारण ही चूक मी आपल्याकडच्या खूप अर्जांत पाहिली आहे. ‘इफ यू आर कन्व्हीनियन्ट’ असं लिहू नका. कन्व्हीनियन्ट वेळ असते, जागा असते, माणूस नसतो. ‘इफ इट इज कन्व्हीनियन्ट फॉर यू’ असं लिहायचं. तसंच ‘आय अ‍ॅम अ‍ॅनॉइंग’ म्हणजे मला वैताग आला असं नव्हे, माझा इतरांना वैताग येतो असा त्याचा अर्थ होतो. स्वतःला आलेला वैताग सांगायला ‘अ‍ॅनॉइड’.

तुमचं वाक्य मी असं करीन: ‘द चेंजेस ऑफ डेट इन्कन्व्हीनियन्स्ड अवर पिकर्स.’ यात राग नाही, घटना आहे.

आरोग्यसेविका

मास्तरांनी इरिटेट सोडला. माझ्या कामात तो रोज येतो म्हणून लिहिते.

इरिटेटला दोन घरं आहेत. एक मनाचं, तिथे तो अ‍ॅनॉयचा भाऊ आहे, फक्त जास्त टोचणारा. टक टक टक चालूच राहतं, तसा. दुसरं घर शरीराचं. डोळ्यांची आग, कातडीची जळजळ, घशात खवखव. कीटकनाशकाच्या डब्यावरच्या इंग्रजीत ‘इरिटेशन’ दिसलं की ते हे दुसरं. एका शेतकऱ्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलानं मला सांगितलं होतं, ‘मॅडम, काही विशेष नाही, थोडं इरिटेशन होते असं लिहिलं आहे.’ त्याच्या डोक्यात मित्रांमध्ये बोलतात तो इरिटेट होता, जरा कंटाळा येण्यासारखा. मी त्याला डबा परत आणायला लावला आणि चौकोन दाखवला. तिरप्या चौकोनाचा खालचा त्रिकोण कोणत्या रंगाचा आहे ते पाहायचं. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. इंग्रजी येवो न येवो, हा रंग कळलाच पाहिजे. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर गेले. डोळे चुरचुरले, मळमळलं, तरी पंप पाठीवरून न उतरवणारी माणसं आम्ही अजूनही पाहतो.

तुमचा गट फवारणीवाला नाही हे माहीत आहे, ताई. पण शेजारची वावरं आहेतच. धुऱ्यावर काम करणाऱ्या बायांना शब्द समजावून सांगायची वेळ आली तर ‘इरिटेशन म्हणजे आग’ एवढं सांगा.

मोर्शीचा पोरगा

काकाजी, तुम्ही फार सुंदर समजावलं. मी अमरावतीला भाषाविज्ञान शिकतो आहे. या शब्दांची मुळं पाहिली तर पऱ्हाटीताईंना ते लक्षात ठेवायला सोपे जातील, म्हणून लिहितो.

अ‍ॅनॉय जुन्या फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या बुडाशी लॅटिन ‘इन ओडिओ’ आहे, म्हणजे तिरस्कारात. त्या बाईंना राग वाचू आला तो उगाच नाही. ट्रबल आणि डिस्टर्ब सख्खे, दोघांच्या मुळाशी लॅटिन ‘तुर्बा’, म्हणजे गर्दी, गोंधळ. गढूळ पाण्याला इंग्रजीत ‘टर्बिड’ म्हणतात तोही त्याच घरचा. पहिल्या पुरात नाल्याचं पाणी कसं होतं ते डोळ्यांसमोर आणा, मग ‘ट्रबल्ड’ म्हणजे काय ते कळतं. इन्कन्व्हीनियन्समधलं ‘कन्व्हीनियन्स’ म्हणजे एकत्र येणं, जुळणं. ते जुळलं नाही. तुमच्या मंगळवारसारखं.

पण मला सगळ्यात आवडतो तो बॉदर. अठराव्या शतकात तो आयर्लंडकडच्या लेखकांच्या इंग्रजीत दिसू लागतो, आणि जाणकार त्याचा धागा बहिरा या अर्थाच्या आयरिश शब्दाशी जोडतात. जुन्या आयरिशमध्ये तो शब्द आहे ‘बोदर’. आणि हा ‘बोदर’ आपल्या संस्कृत ‘बधिर’चा सख्खा नातेवाईक, एकाच पूर्वजापासून आलेला! माझी आजी म्हणायची, ‘बडबड करून डोकं बधिर करून टाकलं या पोट्ट्यानं.’ आयर्लंडच्या कोण्या आजीनंही नातवाला हेच सांगितलं असेल असं वाटतं मला.

आपल्याकडच्या शब्दांतही असंच दडलेलं आहे. तसदी अरबीतून फारसीमार्गे आली, मूळ अर्थ डोकं दुखवणं. हैराण म्हणजे मुळात चक्रावलेला. परेशान म्हणजे फारसीत विखुरलेला. आणि खुद्द ‘त्रास’ संस्कृतात भीती होता. आपण त्याची धार घासून घासून बोथट केली, म्हणून तो आता मच्छरालाही चालतो आणि कर्जालाही.

जाता जाता एक, ताई, तुम्ही कापसाच्या मुलखातल्या म्हणून. चिडवणं या अर्थाचा ‘टीज’ जुन्या इंग्रजीत लोकर पिंजण्याचा शब्द होता. तंतू ओढून ओढून मोकळे करायचे. आपणही म्हणतोच, दोन तास नुसतं पिंजत बसला.

निवृत्त मास्तर, आर्वी

मोर्शीच्या भाऊ, बधिरचं मला नवीन होतं. आजच शेजारच्या मुलांना सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. फक्त ताईंसाठी एक सांगतो. मूळ कळलं की शब्द लक्षात राहतो, पण वापर मुळावरून ठरवू नका. अ‍ॅनॉय आज तिरस्काराइतका कडू नाही, घरातली माणसं दिवसातून दहा वेळा एकमेकांना म्हणतात. तुमच्या मेलमध्ये तो कडू लागला कारण विक्रेत्यानं खरेदीदाराला लिहिला, आणि वर ‘व्हेरी मच’ जोडलं.

वेचणारीची लेक

मी हिंगणघाटकडची. माझी आई कापूस वेचते, मीही बारावीपर्यंत सुट्टीत वेचला आहे. सगळ्यांचं नीट वाचलं. मास्तरांचं वाक्य भाषेच्या दृष्टीनं बरोबर असेल, पण पऱ्हाटीताई, तुम्ही ते पाठवू नये असं मला वाटतं.

‘इन्कन्व्हीनियन्स’ कुठे ऐकतो आपण? बडनेरा, पुलगाव, धामणगाव, कोणत्याही स्टेशनावर. गाडी चार तास लेट, आणि भोंग्यातून आवाज येतो, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. ज्याच्यामुळे झालं तो हा शब्द वापरतो, कारण तो लहान आहे. त्यात कोणाचं काय गेलं हे येत नाही. परीक्षा बुडालेला पोरगा आणि घरी जाऊन फक्त जेवणाला उशीर होणारा माणूस, दोघांचीही सारखीच गैरसोय.

तुमच्या बायांचं काय झालं ते तुमच्याच प्रश्नात आहे. त्या थांबल्या, आणि दिवस गेला. किलोवर वेचणाऱ्या बाईचा दिवस गेला म्हणजे पैसे गेले. माझी आई हंगामात घरचा सोयरा आला तरी वेचणी सोडत नाही, कारण हे दीड-दोन महिनेच हातात पैसा येतो. त्यावरच वर्षाचं मीठ-मिरची आणि पोरांची पुस्तकं. मजुरी बुडाली याला अ‍ॅनॉयही म्हणता येत नाही आणि इन्कन्व्हीनियन्सही. एक शब्द त्यांच्या मनात नसलेला राग दाखवतो आणि दुसरा त्यांचं नुकसान झाकतो.

ताई, तुम्हाला कोशात शब्द सापडत नाही, कारण तुमच्या मराठी वाक्यातला ‘त्रास’ हाच चुकला असावा. बायांना विचारलंत का, की काय झालं म्हणून?

पऱ्हाटी, राळेगाव तालुका

उत्तर द्यायला दोन दिवस लागले, कारण शेवटचा प्रश्न वाचून मी गप्प झाले. मी विचारलं नव्हतं. त्यांच्या वतीनं मेल लिहिला, आणि त्यांना विचारलं नाही.

काल संध्याकाळी गाठोडी मोजायला आल्या तेव्हा काट्यापाशी विचारलं, की मागच्या आठवड्यात तारखा बदलल्या तेव्हा तुम्हाला त्रास झाला का. सगळ्यात वयस्क जी आहे, जिच्या शब्दावर बाकीच्या कामाला येतात, ती म्हणाली, ‘तरास कायचा वो माय? तरास त मान पाठ एक होते तवा होते. आमचे दोन रोज बुडाले.’ दुसरी म्हणाली, ‘तो पोट्टा बिचारा दुरून आला. त्याले काय मालूम? तू थांबा म्हनलं, मंग आमी थांबलो.’

हे दुसरं वाक्य मला लागलं, आणि ते खरं आहे. थांबायला मी सांगितलं होतं. तारीख त्यांनी बदलली, पण थांबलेल्या दिवसाचं काय, हे आधी ठरवून ठेवणं गटाचं काम होतं, म्हणजे माझं. मी नुसतं तिकडे बोट दाखवून मेल लिहिला होता.

हिशेब केला. किलोला दहा रुपये, चांगला हात असला तर दिवसाला चाळीस किलो. एकेकीचे दोन दिवसांचे आठशेपर्यंत गेले. चौदा बाया. आज सकाळी गटाच्या बैठकीत हे मांडलं. एका दिवसाची मजुरी गट देणार, असं ठरलं. दुसऱ्या दिवसाचं खरेदीदाराला विचारायचं, भीक म्हणून नाही, पुढच्या वर्षीच्या भेटीच्या अटींत घालायचं म्हणून.

मास्तर, तुमचं डोकं आणि दिवस हे मी डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. त्यामुळेच माझी चूक नेमकी कुठे झाली ते कळलं. आरोग्यसेविका ताई, रंगांच्या त्रिकोणाचं चित्र काढून गटाच्या खोलीत लावते. मोर्शीच्या भाऊ, ‘बधिर’ मुलीला सांगितलं, ती घरभर ‘डोन्ट बॉदर मी’ म्हणत फिरते आहे. आणि हिंगणघाटच्या ताई, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

मेलचा मसुदा असा झाला. आधी माफी: ‘आय यूज्ड द राँग वर्ड. द विमेन वेअर नॉट अँग्री विथ यू.’ मग मुख्य वाक्य: ‘वी आस्क्ड फोर्टीन पिकर्स टु वेट ऑन ट्यूजडे अँड थर्सडे. द वेटिंग कॉस्ट देम टू डेज वेजेस.’ मग विनंती, की पुढच्या वर्षी तारीख आदल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत पक्की करावी, म्हणजे बायांना दुसरं वावर धरता येईल, आणि त्यानंतर बदलली तर थांबलेल्या दिवसाची मजुरी दोघांनी मिळून द्यावी. त्रासाचा एकही शब्द त्यात राहिला नाही.

मास्तर, एकच शंका आहे. हे झालेलं आहे, तर ‘कॉस्ट’ला मागे ‘एड’ लावायचं का? फोन कधी लाव म्हणतो, कधी नको.

निवृत्त मास्तर, आर्वी

लावायचं नाही. किंमत मोजावी लागली या अर्थी भूतकाळातही ‘कॉस्ट’च राहतो. ‘टू डेज’च्या शेवटच्या एसनंतर वर एक स्वल्पविराम द्या, मग ‘वेजेस’. बाकी मसुद्याला मी हात लावत नाही. पाठवा, ताई.